सोमवारचं दूध

सत्यभामा देवकतेचं दूध मी सलग दोन सोमवार परत पाठवलं. तिसऱ्या सोमवारी ती दुधाची किटली न आणता गायच घेऊन केंद्रावर आली. मधल्या आठवड्यात मी तिच्यावर एक मनन लिहिलं होतं. ते आधी सांगते, कारण त्याशिवाय गाय का आली हे कळणार नाही.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना सहा किलोमीटरवर आमचं दूध शीतकरण केंद्र आहे. मी तिथे दूध तपासते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी, आणि तीच अजून टिकून आहे. सकाळी सहापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून किटल्या येतात. मी प्रत्येकातला नमुना घेते. चांगलं असेल ते दूध टाकीत जातं, वाईट असेल ते परत. साडेआठला टँकर निघतो. रविवारी माझी सुटी असते. त्या दिवशी माझं काम मुंजाजी करतो. तो पन्नाशीचा आहे आणि किटल्या उचलता उचलता तपासणीही शिकला आहे. मी सकाळच्या गाडीने बीडला चर्चमध्ये उपासनेला जाते.

आमच्या मंडळीत प्रवचनाआधी पाच मिनिटांचं मनन वाचलं जातं. सहा वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी ते काम मला दिलं. ते म्हणाले होते, वचन सगळेच वाचतात, रोजच्या जगण्यात ते कुठे दिसतं तेवढं तुम्ही सांगा. मी ते एखाद्या प्रयोगासारखं सुरू केलं. आठवडाभर वहीत निरीक्षणं लिहायची, वर्तमानपत्रातली किंवा कामावरची, आणि त्यांतल्या एकाला शास्त्रातला उतारा जोडायचा. मांजरसुंब्याच्या चौकात कांद्याचा ट्रक उलटला आणि ढाब्यावरच्या लोकांनी एकही कांदा घरी न नेता पोती परत भरून दिली, त्यावर लिहिलं. तराजूचा काटा मुळातच शून्यावर नसेल तर पुढचं प्रत्येक माप चुकतं, त्यावर लिहिलं. लोकांना आवडायचं. विजयमालाबाई म्हणून आमच्या मंडळीच्या सचिव आहेत, निवृत्त परिचारिका. त्या दर रविवारी माझ्याकडून कागद मागून घेत आणि फाइलला लावत. कुठल्याही गोष्टीतून धडा निघतो असं मला वाटायला लागलं होतं. तो निघतो की मी काढते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

आता तपासणीबद्दल. दूध ताजं आहे का हे पाहायला पहिली चाचणी अल्कोहोलची. काचेच्या नळीत पाच मिली दूध आणि तेवढंच अल्कोहोल घेऊन नळी उलटीसुलटी करायची. काचेला कण चिकटले तर दूध संशयित. यात 'संशयित' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यानंतर आम्लता मोजायची आणि नळी उकळत्या पाण्यात धरून दूध फाटतं का ते पाहायचं. या दोन्हींत दूध नापास झालं तरच ते आंबलेलं, म्हणजे शिळं मिसळलेलं. पुस्तकात असं आहे, आमच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यातही असंच आहे. पण रांगेत पन्नास-साठ माणसं असतात, टँकरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या नळीवरच निकाल लागायचा. मी आले त्याच्या आधीपासून तसंच चालत होतं. मी ते बदललं नाही.

सत्यभामाची वस्ती केंद्रापासून तीन किलोमीटर वर, डोंगराच्या अंगाला आहे. धनगरांची पंधरा-वीस घरं. तिचा नवरा सिदू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदाकाठाला जातो, तो पावसाळ्याच्या तोंडावर परततो. घरी ती, सून योगिता आणि दोन जर्शी गाई. दोन वर्षं ती दूध घालत होती आणि तिच्या दुधावर कधी बोट ठेवायला जागा नव्हती. एकच वेगळी गोष्ट होती. रविवारी तिचं दूध येत नसे. तिच्या वस्तीवरचं कुणाचंच येत नसे. रविवार खंडोबाचा, त्या दिवशीचं दूध विकायचं नाही अशी त्यांची रीत.

पहिल्या सोमवारी तिच्या नळीत कण दिसले. दूध परत केलं. मंगळवार ते शनिवार दूध स्वच्छ आलं. दुसऱ्या सोमवारी पुन्हा कण. केंद्राचा नियम असा की तीन वेळा दूध परत गेलं तर त्या घराचं दूध हंगामभर बंद, आणि नाव फळ्यावर. हे मी तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "म्याडम, ह्याच दुधाचा च्या पिऊन आलेय मी. फाटला न्हाई."

मी पुढची किटली घेतली.

त्या दिवशी दुपारी मला उत्तर सापडलं. रविवारचं दूध विकत नाहीत. मग ते जातं कुठे? दोन गाईंचं दोन वेळचं दूध दोन बायका पिणार नाहीत. नेमकं सोमवारचंच दूध बिघडतं. म्हणजे रविवारचं उरलेलं दूध सोमवारच्या किटलीत येतं. सगळे धागे जुळत होते. मला आठवतं, उत्तर सापडल्यावर मला जरा आनंदच झाला होता.

त्याच आठवड्यात दूधभेसळीविरुद्ध मोहिमेच्या बातम्या रोज छापून येत होत्या. कुठे पावडर पकडली, कुठे युरिया. मी बुधवारी मनन लिहिलं. त्यात लिहिलं की भेसळ म्हणजे फक्त युरिया नव्हे. आमच्या रस्त्यावर मेंढपाळ घरातली एक बाई आहे. ती रविवार आपल्या देवासाठी पाळते, त्या दिवशी दूध विकत नाही, आणि सोमवारी तेच शिळं दूध ताज्यात मिसळून आणते. देवाला दिलेलं मागच्या दाराने परत घेणारे आपणही आहोत का? थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, हा उतारा जोडला. नाव लिहिलं नाही. नाव नाही म्हणजे कुणावर अन्याय नाही, असं मला वाटलं.

गुरुवारी ते मनन मी फोनच्या स्टेटसला ठेवलं. आमच्या केंद्राचे चेअरमन अमरसिंह यांनी ते पाहिलं. मोठी जमीन, पंचायत समितीत वजन, बोलायला मोकळे. त्यांनी शेवटचा शास्त्राचा भाग काढून टाकला आणि उरलेलं दूध उत्पादकांच्या ग्रुपवर 'सर्वांनी नोंद घ्यावी' म्हणून पाठवलं. धडा गळून गेला होता. बाई तेवढी राहिली होती.

धनगर, आमचा रस्ता, सोमवार. कुणाला नाव सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी रांगेत दूध घालायला आलेल्या राधाकिशनने तिला विचारलं, "सत्यभामाबाई, आज कोन्त्या वाराचं आणलं?" चारजण हसले. शनिवारी तिच्या मागे-पुढे जरा जास्तच जागा सुटलेली मी पाहिली. मी अमरसिंहांना म्हटलं की ते ग्रुपवर टाकायला नको होतं. ते म्हणाले, कुणाचं नाव आहे का त्यात? माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं होतं, म्हणून मी गप्प बसले. रविवारी मंडळीत मनन वाचलं. विजयमालाबाईंनी कागद मागून घेतला.

सोमवारी सात वाजता रांगेच्या शेवटी गाय उभी दिसली. सत्यभामाने दावं धरलं होतं, योगिताच्या हातात रिकामी चरवी. लोक बाजूला झाले. सत्यभामा माझ्या टेबलासमोर आली आणि तिने मला थेट सांगितलं की ती इथेच धार काढणार आहे. तिचं दूध तिच्या हातून नको, गाईकडूनच घ्या. आज तिसरी वेळ आहे, आज परत गेलं तर नाव फळ्यावर, ते तिला ठाऊक होतं.

अमरसिंह खुर्चीतून उठून बाहेर आले. "हे काय काढलं बे नवीन?" ते मुंजाजीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्याडम, उद्या म्हशी येतील रांगेत. परवा शेळ्या."

मी म्हटलं, काढू द्या.

गाय पान्हा सोडेना. कॉम्प्रेसरचा आवाज, किटल्यांचा आवाज, अनोळखी माणसं. सत्यभामाने कासेला पाणी लावलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. गाय पाय झाडत होती. मी मुंजाजीला कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. कुणी सांगितलं नाही तरी रांगेतली माणसं गप्प झाली, कारण गुरं सगळ्यांच्याच घरी आहेत आणि पान्हा चोरणारी गाय सगळ्यांनी पाहिलेली आहे. सात-आठ मिनिटं गेली. मग चरवीच्या तळाशी पहिली धार वाजली.

मी चरवीतून स्वतः नमुना घेतला. दूध अंगाच्या उबेचं होतं. पाच मिली दूध, पाच मिली अल्कोहोल. नळी उलटी केली, सरळ केली, उजेडात धरली. काचेला कण चिकटले होते.

राधाकिशन माझ्या खांद्यावरून पाहत होता. तो म्हणाला, "आता गाईनंच आतमधी शिळं मिसळलं म्हणायचं." हसू आलं ते सगळ्यांनाच, पण थोडंसंच, कारण नळीत काय आहे ते आता सगळ्यांना दिसत होतं. सत्यभामा हसली नाही. ती फक्त माझ्या हाताकडे पाहत होती.

मी आम्लता मोजायची ब्युरेट काढली. त्या टेबलावर ती कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाहेर आली. आम्लता शून्य पूर्णांक चौदा टक्के निघाली. ताज्या दुधाची तेवढीच असते. दुसरी नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरली. दूध फाटलं नाही. मग चरवीत शिल्लक असलेल्या दुधातून पुन्हा नमुना घेऊन हे सगळं दुसऱ्यांदा केलं. आकडा तोच आला.

तेव्हा मला तिचा चहा आठवला. दूध उकळून पाहणं ही तक्त्यावरची तिसरी चाचणी. सत्यभामाने ती गेल्या सोमवारी आपल्या चुलीवर केली होती आणि तिचा निकालही मला तोंडी सांगितला होता. मी तो नमुना म्हणून घेतला नाही, सबब म्हणून घेतला.

मी तिला विचारलं की गाईपुढे काय टाकता. ती म्हणाली, यंदा अतिवृष्टीत कडबा सडला. माजलगावकडून शनिवारी उसाच्या वाढ्याची ट्रॉली येते. उसाचे ते हिरवे शेंडे दोन दिवसांत वाळून जातात, म्हणून रविवारी गाई नुसत्या त्याच्यावरच असतात. पुढे आठवडाभर उरलासुरला कडबा मिसळून भागवायचं. नुसतं वाढं खाल्लं की दुधातल्या क्षारांचा तोल जातो. मग ताजं दूधही अल्कोहोलमध्ये कण धरतं. हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

"मग रविवारचं दूध?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

उत्तर योगिताने दिलं. "त्याची खंडोबाची खीर करतो आमी, वस्तीवरली समदी लेकरं पितात. तुमी लिवलं त्ये मीच वाचून दावलं आत्याला. दोनदा वाचायला लावलं."

दूध चांगलं असल्याचं मी रांगेसमोर मोठ्याने सांगितलं, आणि मागच्या दोन्ही वेळी मी पुढच्या चाचण्या केल्या नव्हत्या, चूक माझी होती, हेही सांगितलं. मुंजाजीने चरवी टाकीत ओतली. टँकर त्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा निघाला.

अमरसिंहांनी मला आत बोलावलं. ते रागावले नव्हते, व्यवहाराचं बोलत होते. तिचं दूध घेत जा, विषय संपला. सगळ्यांसमोर कबूल कावून करायचं? आता ज्याचं ज्याचं दूध परत गेलं तो प्रत्येकजण येऊन बसेल. त्यांनी ग्रुपवर 'तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला होता' असं लिहिलं. मी त्याखाली माझ्या नावाने लिहिलं की कारण तांत्रिक नव्हतं, दोन चाचण्या न करता मी दोष दिला होता.

सत्यभामा बाहेर गाईजवळ थांबली होती. मला वाटलं, मी जे केलं ते तिला पुरेल. मी तिला म्हटलं की ग्रुपवर लिहिलं आहे, आणि जिथे मी ते वाचलं तिथेही, आमच्या मंडळीत, दुरुस्ती वाचेन.

"तिथं मला कोन वळखतंय?" ती म्हणाली. "वस्तीवर या. देवापुढचं दूध मी इकायला आणलं म्हणत्यात समदी. काल ऐतवारी माझ्या हातची खीर दोन घरांनी घेतली न्हाई. रविवारी सकाळी समदी खंडोबापुढं बसत्यात. तवा या आन सांगा."

रविवारी सकाळी मी बीडला असते, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिने वाट पाहिली नाही. दावं ओढलं आणि गाय घेऊन चढाला लागली.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की या रविवारी हेच मनन लिहा. यात केवढं आहे पाहा, एक बाई आपली निर्दोषता घेऊन चालत येते, जाणती माणसं चुकतात. ते मनापासून बोलत होते. आणि खरं सांगायचं तर गाय केंद्रावर उभी असतानाच माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयार झालं होतं. उताराही सापडला होता. दोन साक्षीदारांशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, आणि मी एकाच नळीवर निकाल दिला. छान बसत होतं. पहिलंही असंच छान बसलं होतं.

मी म्हटलं, "नको. ती दुसऱ्यांदा माझं उदाहरण होईल. मी फक्त दुरुस्ती लिहून पाठवते, ती वाचा. मी येणार नाही."

रविवारी उपासना चुकवून कुठे जाणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जावं, या उताऱ्यावर मी दोनदा मनन लिहिलेलं आहे. एकदा तराजूच्या शून्याचं उदाहरण देऊन, एकदा विंधनविहिरीवरून भांडलेल्या दोन शेजाऱ्यांची बातमी घेऊन. फोनवर मला तो उतारा सांगावा लागला नाही. पाळकसाहेब म्हणाले, "जा बाई. विजयमालाबाई वाचतील."

आठवडाभर मी प्रत्येक संशयित नळीच्या पुढच्या दोन्ही चाचण्या केल्या. टँकर रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा निघाला आणि ड्रायव्हरने मला रोज ऐकवलं. सहा दिवसांत आठ दुधं पहिल्या नळीत नापास झाली. त्यांतली पाच पुढे पास झाली. हा आकडा पाहून मी शनिवारी बराच वेळ वही मिटून बसले होते. पूर्वी आठच्या आठ परत गेली असती.

रविवारी नऊच्या सुमारास वस्तीवर पोचले. खंडोबाचं देऊळ म्हणजे कडुनिंबाखाली एक ओटा, त्यावर पत्र्याचं छप्पर. तीस-चाळीस माणसं बसली होती, बायका एका बाजूला. मी चप्पल खाली काढली. एका म्हाताऱ्याने पोतं अंथरून दिलं. भंडाऱ्याची वाटी फिरत होती, ती माझ्यापर्यंत आली तेव्हा धरणारा थबकला. सत्यभामा चुलीजवळून म्हणाली, "त्यास्नी नगं लावू. त्यांचा देव येगळा हाय." तो पुढे गेला. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी उभी राहिले. मी काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, पण कागद काढला नाही. मी सांगितलं की दोन सोमवार सत्यभामाचं दूध मी परत पाठवलं. तीन चाचण्या करायला हव्या होत्या, मी एकच केली. मग रविवारचं दूध तिने मिसळलं असेल असा अंदाज केला आणि तो खरा म्हणून लिहिला, आमच्या प्रार्थनेच्या ठिकाणी वाचला. तिने रविवारचं दूध कधीच आणलं नव्हतं. गाय सगळ्यांसमोर पिळली, ते दूधही पहिल्या नळीत तसंच दिसलं आणि पुढे चांगलं निघालं. कारण वाढं. मग वाढ्याबरोबर थोडा तरी सुका चारा कसा मिसळायचा, क्षारांचं मिश्रण किती द्यायचं, ते सांगितलं. हे सांगताना माझा आवाज जरा सरळ झाला, ते मला जाणवलं. शेवटी म्हटलं की हे सगळं लिहिताना मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला की वाढ्यानं शेणही पातळ होतं, ते त्याने आधीच सांगितलं होतं. दोघा-तिघांनी क्षारांचं मिश्रण कुठे मिळतं ते विचारलं. गोष्ट आता चाऱ्यावर गेली असं वाटत असताना बायकांतून एकजण उठली. तिला मी ओळखत होते, मुक्ताबाई. दिवाळीपर्यंत तिचं दूध यायचं.

"आमचं बी परत गेलतं," ती म्हणाली. "माझं तीनदा. ह्या बायनाबाईचं बी तीनदा. दिवाळीत. आमचं दूध बंद हाय तवापास्नं. मंग आमचं काय व्हतं? वाढंच व्हतं का?"

ट्रॉली दिवाळीत सुरू झाली होती का, ते मी विचारलं. ती म्हणाली, अधूनमधून येत होती. मला 'हो, वाढंच असणार' असं म्हणता आलं असतं. ऐकायला ते सगळ्यांना बरं वाटलं असतं, मलाही. पण तेही अंदाजाचंच झालं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुमच्याही दुधाची पुढची तपासणी मी केली नव्हती. आता ते दूध नाही, त्यामुळे कधीच कळणार नाही. उद्यापासून दोघींनी दूध आणा. फळ्यावरची नावं मी पुसते. चेअरमनशी मी बोलते."

मुक्ताबाई उभीच राहिली. तिला आणखी काहीतरी हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. बायनाबाईने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. बायनाबाई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, तेव्हाही आणि नंतरही.

खीर वाटायला सुरुवात झाली. सत्यभामाने पातेलं उचललं आणि पहिल्यांदा त्या दोन घरांच्या बायकांपुढे नेऊन ठेवलं, ज्यांनी मागच्या रविवारी घेतली नव्हती. मला ते नंतर योगिताने सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की सत्यभामा पळी हातात धरून थांबली आहे आणि समोरच्या बाईने वाटी पुढे करायला वेळ लावला. मग तिने वाटी पुढे केली. दुसरीनेही केली. मला खीर कुणी विचारली नाही. देवापुढची असल्याने विचारू नये असं त्यांना वाटलं असेल, किंवा दुसरं काही. मी अंदाज केला नाही.

निघताना सत्यभामा पायवाटेपर्यंत आली. हात पदराला पुसत होती. माझ्यावर ती खूश होती असं मी म्हणणार नाही. तिने विचारलं की शहरातल्या आमच्या देवळात ते वाचलं का.

मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा झाले होते. "आत्ता वाचत असतील," मी म्हटलं.

"नाव घेतलं का माझं? का त्येच, एक बाई म्हून?"

"घेतलं आहे. सत्यभामा सिदू देवकते, पूर्ण लिहून दिलं आहे."

तिने एकदा मान हलवली. मग म्हणाली की दोन्ही गाई सकाळपासून उपाशी आहेत, आणि वळली.